नायट्रोजनवर चाललं, म्हणून हायड्रोजनवर चालेल का?

मागच्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातली ‘उपाधी’ पाहिली. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे बरोबर नाही, कारण धूर यायला ओलं सरपण लागतं. ते ओलं सरपण म्हणजे उपाधी, म्हणजेच न बोललेली अट. व्याख्यान संपल्यावर रासायनिक कारखान्यांत हयात घालवलेल्या एका श्रोत्यांनी विचारलं, “सर, आमच्याकडे कॉम्प्रेसर आधी नायट्रोजनवर चालवतात आणि मग हळूहळू त्यात हायड्रोजन सोडतात. नायट्रोजनवर तो नीट चालला, म्हणून हायड्रोजनवर नीट चालेल, हे अनुमान तुमच्या शास्त्रात बसतं का?”

प्रश्न फार नेमका आहे. आम्ही तत्त्वज्ञानवाले ‘चाचणीने काय सिद्ध होतं’ यावर वर्षानुवर्षं शिकवतो, पण उदाहरणं बहुधा कावळ्यांची आणि हंसांची घेतो. इथे चाचणी खरी आहे, यंत्र काही हजार किलोवॅटचं असू शकतं आणि उत्तर चुकलं तर माणसं दगावू शकतात. म्हणून आजचं अख्खं व्याख्यान आपण या एका प्रश्नाला देऊ. आपल्या किनाऱ्यावर माहूलच्या रिफायनऱ्या आहेत, थळचा खत कारखाना आहे. तिथे हा विषय रोजच्या कामाचा आहे.

आधी दुसरा वायू कशासाठी?

रिफायनरीतला एक विभाग डोळ्यांसमोर आणू. तेलातलं गंधक काढायचं, किंवा जड तेलाचे रेणू तोडून हलकं तेल करायचं, तर मोठ्या रिअॅक्टरमध्ये कॅटॅलिस्टवरून तेलाबरोबर हायड्रोजन न्यावा लागतो. जो हायड्रोजन खर्च होत नाही, तो परत फिरवायचा असतो. हे फिरवण्याचं काम करतो तो रिसायकल कॉम्प्रेसर. रिअॅक्टर, भट्टी, शीतक आणि विभाजक यांच्या वर्तुळात तो वायू अखंड फिरता ठेवतो.

आता पहिला दिवस. सगळ्या नळ्यांत हवा आहे. हवेत हायड्रोजन ४ टक्के ते ७५ टक्के यांच्या दरम्यान कितीही असला तरी ठिणगीने पेटतो. इतका रुंद पट्टा फार थोड्या वायूंचा असतो. म्हणजे आधी हवा बाहेर काढायची, त्यासाठी नायट्रोजन. मग सांधे गळतात का ते पाहायचं, त्यासाठीही नायट्रोजन. भट्टीचं अस्तर आणि कॅटॅलिस्ट वाळवायचा, रिअॅक्टर तापवायचा. जाड भिंतीचं पोलाद थंड असताना ठिसूळ वागू शकतं, म्हणून ते तापल्याशिवाय त्यावर पूर्ण दाब द्यायचा नसतो. हे सगळं होईपर्यंत वायू फिरता हवा, आणि फिरवायला आहे तोच एक कॉम्प्रेसर. तो बनवला आहे हायड्रोजनसाठी, पण पहिले काही तास किंवा दिवस त्याला नायट्रोजन ओढावा लागतो.

हा प्रसंग फक्त नव्या कारखान्यातला नाही, बरं का. काही जुन्या पद्धतीच्या रिफॉर्मर विभागांत कॅटॅलिस्टवर साचलेला कार्बन जाळून टाकायचा असतो. तेव्हा नायट्रोजनमध्ये अगदी थोडा ऑक्सिजन मिसळून तो याच कॉम्प्रेसरने फिरवतात.

यंत्र वायूला नेमकं काय देतं?

इथे थोडी आकडेमोड करू. घाबरू नका, शाळेतल्या गणितापलीकडे जाणार नाही.

सेंट्रिफ्यूगल कॉम्प्रेसरमध्ये एका दांड्यावर बसवलेले इम्पेलर वेगाने फिरतात. वायू मध्यातून आत येतो आणि परिघावरून बाहेर फेकला जातो. १८व्या शतकात लिओनार्ड ऑयलरने अशा चक्रांचं जे गणित मांडलं, त्यातून एक साधी गोष्ट निघते. प्रवाहाचं आकारमान वेगाच्या प्रमाणात राहिलं, तर इम्पेलर दर किलो वायूला किती काम देतो हे परिघाच्या वेगाच्या वर्गावर ठरतं. वायू कोणता, हे त्या सूत्रात येतच नाही. अभियंते या दर किलोमागच्या कामाला ढोबळमानाने ‘हेड’ म्हणतात.

समजा, आपल्या यंत्राच्या इम्पेलरचा परिघवेग सेकंदाला २५० मीटर आहे आणि सगळे इम्पेलर मिळून दर किलोला २०० किलोज्यूल काम देतात. हायड्रोजन असो वा नायट्रोजन, २०० म्हणजे २००. इथवर यंत्र निःपक्षपाती आहे.

पण ते काम घेऊन वायू काय करतो, ते वायूवर अवलंबून आहे. एक किलो हायड्रोजन एक अंशाने तापवायला सुमारे १४.३ किलोज्यूल लागतात आणि एक किलो नायट्रोजनला सुमारे १.०४. म्हणजे त्याच २०० किलोज्यूलमध्ये हायड्रोजन १४ अंशांनी तापेल आणि नायट्रोजन १९२ अंशांनी! आत येणारा वायू ४० अंशांवर असेल, तर हायड्रोजन ५४ अंशांवर बाहेर पडेल आणि नायट्रोजन २३० अंशांच्या पुढे. सील, रबरी कड्या, बेअरिंगजवळचं तेल यांनी हे तापमान कधी पाहिलेलंच नाही.

दाबाचंही तसंच. कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तर हायड्रोजनचा दाब १.१२ पट होतो. तेवढ्याच वेगाला नायट्रोजनचा दाब साधारण साडेतीन पट होतो.

हा फरक येतो तो रेणूच्या वजनातून. हायड्रोजनचा रेणूभार २, नायट्रोजनचा २८, म्हणजे चौदापट. एक किलो हायड्रोजनमध्ये एक किलो नायट्रोजनच्या चौदापट रेणू असतात. तेवढंच काम चौदापट तोंडांत वाटलं जातं, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं. प्रत्यक्ष कारखान्यात शुद्ध हायड्रोजन क्वचितच असतो. त्यात मिथेनसारखे वायू मिसळलेले असतात आणि फरक चौदापटीपेक्षा कमी भरतो. पण तत्त्व समजायला आपण शुद्धच धरू.

दोन उपाय आणि त्यांतला घोटाळा

मग नायट्रोजन चालवायचा कसा? हाताशी दोन गोष्टी आहेत, दाब आणि वेग. त्यांचं काम वेगवेगळं आहे, आणि नेमका इथेच पुष्कळांचा गोंधळ होतो.

पहिला उपाय, आत येणारा दाब कमी ठेवायचा. नायट्रोजन चौदापट दाट, म्हणून तेवढ्याच दाबाला आणि तेवढ्याच आकारमानाला यंत्र ओढायला चौदापट शक्ती लागेल. मोटर किंवा टर्बाइन ती देऊच शकणार नाही. पण ७ बार दाबाच्या नायट्रोजनची घनता साधारण ९८ बार दाबाच्या हायड्रोजनइतकी असते. म्हणजे दाब चौदाव्या हिश्शावर आणला की शक्तीचा प्रश्न मिटला.

पण तापमानाचा मिटला का? नाही! तापमान किती वाढणार, हे दर किलोमागच्या कामावर ठरतं, आणि ते काम वेगावर. दाब कमी केल्याने किलोंची संख्या कमी झाली. प्रत्येक किलोला मिळणारं काम तेवढंच राहिलं. अॅमीटर निवांत आहे, मोटर गार आहे, आणि बाहेर पडणारा वायू २३० अंशांवर. ‘मोटरवर भार नाही, म्हणजे सगळं ठीक’ या अनुमानातली उपाधी ती हीच.

म्हणून दुसरा उपाय, वेग कमी करायचा. वेग निम्मा केला की काम एक-चतुर्थांश होतं, २०० चं ५० किलोज्यूल. नायट्रोजनची तापमानवाढ ४८ अंशांवर येते आणि दाब दीडपटीच्या आत राहतो. हे यंत्र सोसू शकतं. मात्र वेगही मनाला येईल तसा कमी करता येत नाही. प्रत्येक रोटरचे काही क्रिटिकल वेग असतात. तिथे कंपन वाढतं आणि तिथे थांबून राहायचं नसतं. वाफेच्या टर्बाइनला ठरावीक वेगाखाली नीट नियंत्रण राहत नाही. आणि मोटर एकाच वेगाची असेल, तर वेगाचा उपाय हातात नाहीच. तिथे नायट्रोजनवर चालवायचं की नाही, किती वेळ, कोणत्या तापमानाला बंद करायचं, हे यंत्र विकत घेतानाच ठरवून घ्यावं लागतं.

शेवटचा इम्पेलर उपाशी

आणखी एक अडचण आत दडलेली असते. वायू दाबला की आकसतो, म्हणून पुढचे इम्पेलर अरुंद बनवतात. किती अरुंद? तर ठरलेला वायू ठरलेल्या प्रमाणात आकसेल, त्या हिशेबाने. आपल्या उदाहरणात हायड्रोजन बाहेर पडताना मूळ आकारमानाच्या ९३ टक्के असतो. पूर्ण वेगाने नायट्रोजन चालवला तर तो ४६ टक्क्यांवर येईल. शेवटच्या इम्पेलरला जेवढा घास अपेक्षित होता, त्याच्या निम्माच मिळतो.

उपाशी इम्पेलर काय करतो? पुढचा दाब त्याला पेलवत नाही आणि वायू उलटा मागे येतो. मग दाब उतरतो, पुन्हा पुढे जातो, पुन्हा मागे. याला सर्ज म्हणतात. दर सेकंदा-दोन सेकंदाला यंत्र धापा टाकल्यासारखं हादरतं. रोटरवरचा अक्षीय जोर उलटसुलट होतो आणि थ्रस्ट बेअरिंग त्यात बळी जाऊ शकतं.

याची उलट बाजूही पाहू. युरियाच्या कारखान्यात कार्बन डायऑक्साइडचा कॉम्प्रेसर असतो. त्या वायूचा रेणूभार ४४. सुरुवातीला तो हवेवर चालवून पाहतात. हवेचा रेणूभार २९. इथे बदली वायू हलका आहे. तो अपेक्षेइतका आकसत नाही, पुढच्या अरुंद इम्पेलरमध्ये त्याची कोंडी होते, आणि कितीही फिरवलं तरी शेवटचा दाब येत नाही. एखाद्याला वाटावं की यंत्रात दोष आहे. दोष यंत्रात नाही, तुलनेत आहे.

हवेचा विषय निघाला आहे तर सांगायला हवं. हवा फुकट असते, म्हणून तिचा मोह होतो. पण ज्या यंत्रात हायड्रोकार्बनचा अंश किंवा तेल राहिलं असेल, तिथे दाबलेली गरम हवा म्हणजे आगीला आमंत्रण. तिथे हवेचा विचारही नको.

पडद्यावरचा आकडा

आता आमच्या मते सगळ्यांत फसवी गोष्ट. कंट्रोल रूममधला ऑपरेटर वायू पाहत नाही, आकडा पाहतो. प्रवाह मोजायला बहुतेक ठिकाणी नळीत भोक असलेली चकती, म्हणजे ऑरिफिस, बसवतात आणि चकतीच्या अलीकडचा-पलीकडचा दाबफरक मोजतात. हा फरक घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. तो पाहून संगणक प्रवाहाचा हिशेब करतो. दाब आणि तापमान बदललं तर तो सुधारणा करतो, पण रेणूभार त्याला आधी सांगून ठेवलेला असतो.

संगणकाला सांगितलंय ‘हायड्रोजन’ आणि नळीत आहे नायट्रोजन. घनता चौदापट, म्हणून दाबफरक चौदापट. त्याचं वर्गमूळ काढलं की ३.७४. म्हणजे पडद्यावर प्रवाह खऱ्याच्या पावणेचारपट दिसतो! सर्ज होऊ नये म्हणून प्रवाह अमुकपेक्षा खाली जाऊ द्यायचा नाही, एवढं ऑपरेटरला ठाऊक आहे. त्याला दिसतंय की भरपूर प्रवाह आहे. प्रत्यक्षात यंत्र कड्याच्या काठावर उभं आहे.

इथे कोणी खोटं बोललेलं नाही. चकतीने खरा दाबफरक सांगितला, संगणकाने हिशेब बरोबर केला. फक्त नाव बदलायचं राहिलं. चांगल्या कारखान्यात यासाठी सुरुवातीचा आणि नेहमीचा असे दोन वेगळे हिशेब भरून ठेवतात. सर्जपासून वाचवणारी नियंत्रणं वायू बदलला तरी फारशी न ढळणाऱ्या गुणोत्तरांवर बेततात. ज्या कारखान्यात हे केलेलं नाही, तिथे निदान आकड्यासमोर पाटी तरी हवी.

‘तेच यंत्र’ म्हणजे काय?

आता तत्त्वज्ञानाकडे वळू. नायट्रोजनवर फिरणारं यंत्र आणि हायड्रोजनवर फिरणारं यंत्र ‘तेच’ आहे का? लोखंड तेच, कारखाना तोच, नंबरप्लेट तीच. तरी वागणूक वेगळी. मग कोणत्या अर्थाने तेच?

अभियंत्यांनी याचं उत्तर फार सुंदर दिलंय. अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सची कॉम्प्रेसरच्या चाचणीची एक संहिता आहे, पीटीसी १०. तिच्या १९९७ च्या आवृत्तीत चाचणीचे दोन प्रकार आहेत. एक ठरलेल्या वायूवर, दुसरा बदली वायूवर. बदली वायू चालेल, पण अट अशी की काही गुणोत्तरं जुळली पाहिजेत: प्रवाह आणि वेग यांचं प्रमाण, वायू किती पट आकसतो ते, परिघवेग आणि त्या वायूतला ध्वनीचा वेग यांचं प्रमाण, शिवाय चिकटपणाशी निगडित असलेला रेनॉल्ड्स अंक ठरावीक मर्यादेत.

आपल्या उदाहरणावर लावून बघा. ४० अंशांना हायड्रोजनमध्ये ध्वनी सेकंदाला सुमारे १३४० मीटर जातो, नायट्रोजनमध्ये ३६०. यंत्र २५० मीटरच्या परिघवेगाने फिरतंय. हायड्रोजनच्या दृष्टीने हा ध्वनीच्या पाचव्या हिश्शाहून कमी वेग आहे, नायट्रोजनच्या दृष्टीने सात-दशांश. नायट्रोजनमध्ये तेच प्रमाण हवं असेल तर वेग ३.७४ ने भागायचा, म्हणजे सुमारे २७ टक्के वेगाने फिरवायचं. त्या वेगाला नायट्रोजनसुद्धा सुमारे १४ अंशांनीच तापतो, दाब १.१२ पटच होतो, आकारमान ९३ टक्केच राहतं. यंत्र पुन्हा ‘तेच’ झालं!

म्हणजे यंत्राचं तेच-पण आरपीएममध्ये नाही आणि दाबाच्या आकड्यातही नाही, ते गुणोत्तरांत आहे. वेग तोच ठेवला तर यंत्र वेगळं होतं, आणि वेग बदलला तर तेच राहतं. आम्हाला हे फार मोलाचं वाटतं.

चाचणीच्या कारखान्यात हे साधता येतं. कधी हेलियम आणि नायट्रोजन यांचं मिश्रण करून हवा तो रेणूभार तयार करतात. रिफायनरीत मात्र २७ टक्के वेग टर्बाइनला जमेलच असं नाही. तिथे आपण तडजोड करतो. ती तडजोड आहे, हे विसरायचं नाही, एवढंच.

काय जसंच्या तसं, काय बदलून, काय मुळीच नाही

मग श्रोत्यांच्या प्रश्नाचं उत्तर काय? इथे आपल्याला पूर्वमीमांसा उपयोगी पडते. तिच्यापुढेही असाच प्रश्न होता. एका मूळ यागाचे, म्हणजे प्रकृतीचे, सगळे तपशील सांगितलेले आहेत. दुसऱ्या यागाचे, म्हणजे विकृतीचे, सांगितलेले नाहीत. मग इकडचं तिकडे किती न्यायचं? जैमिनींच्या सूत्रांतले सातवा ते दहावा हे चार अध्याय यावरच आहेत. तिथे तीन शब्द येतात: अतिदेश, ऊह आणि बाध. अतिदेश म्हणजे इकडचं तिकडे नेणं. ऊह म्हणजे नेताना जरूर तो बदल करणं. देवता अग्नीऐवजी सूर्य असेल, तर मंत्रातलं नाव बदलायचं. बाध म्हणजे जे तिकडे लागूच नाही ते सोडणं. धान्याऐवजी सोन्याचे दाणे असतील, तर कांडण्याचा विधी गळतो, कारण काढायला कोंडाच नाही. ग्रंथांची चर्चा यज्ञाची आहे, पण विचार कुठल्याही चाचणीचा आहे. तर आपल्या नायट्रोजनच्या चाचणीचे तीन वाटे करू.

पहिला वाटा, जसंच्या तसं नेता येतं ते. दांडा सरळ आहे का, कपलिंग नीट जुळलंय का, बेअरिंगना तेल पोचतं का, तेलाच्या पंपाचा बदली पंप वेळेवर सुरू होतो का, धोक्याच्या वेळी यंत्र बंद पडतं का, क्रिटिकल वेग साधारण अपेक्षित ठिकाणीच आहेत का. या गोष्टींचा वायूशी संबंध थोडा. नायट्रोजनवर ठीक, तर हायड्रोजनवरही बहुतांशी ठीक.

दुसरा वाटा, बदल करून नेता येतं ते. दाब किती वाढला, तापमान किती वाढलं, शक्ती किती लागली, प्रवाह किती. हे आकडे थेट न्यायचे नाहीत. रेणूभाराचा हिशेब करून न्यायचे.

तिसरा वाटा, मुळीच नेता येत नाही ते. यातली एक गोष्ट म्हणजे गळती. नायट्रोजनने सांधा गळला नाही, म्हणून हायड्रोजनने गळणार नाही असं नाही. समान दाबाला बारीक भोकातून हायड्रोजन नायट्रोजनच्या ३.७४ पट वेगाने निसटतो. पुन्हा तेच चौदाचं वर्गमूळ! १९व्या शतकात टॉमस ग्रॅहम यांनी वायूंच्या निसटण्याचा जो नियम मांडला, त्याचाच हा आकडा. शिवाय चाचणीचा दाब कमी होता. म्हणून हायड्रोजन भरताना दाबाच्या प्रत्येक टप्प्यावर थांबून सांधे पुन्हा तपासतात. त्यात वेळ जातो आणि वरून घाई होते. तरी तो टप्पा गाळायचा नसतो.

दुसरी गोष्ट आहे स्थैर्य. १९७० च्या दशकात कॅनडातलं केबॉब आणि उत्तर समुद्रातलं एकोफिस्क इथे जमिनीत उच्च दाबाने वायू भरणारे कॉम्प्रेसर बसवले होते. कमी दाबावर नीट फिरणारे रोटर दाब वाढला की फिरण्याच्या वेगापेक्षा कमी वारंवारतेने प्रचंड थरथरू लागले. दाट वायू सीलच्या बारीक फटींतून फिरताना दांड्याला आडवा रेटा देतो. घनता वाढली की हा रेटा वाढतो. कमी घनतेवरच्या चाचणीत तो जवळजवळ नसतोच, मग दिसणार कसा? या दोन प्रकरणांनंतर रोटरच्या स्थैर्याचा अभ्यास गांभीर्याने सुरू झाला. आपल्या भाषेत सांगायचं तर ती चाचणी खोटी नव्हती. जे तिने तपासलंच नव्हतं, ते तिच्या नावावर जमा केलं गेलं होतं.

सगळे कॉम्प्रेसर सारखे नाहीत

मघाशी जे सांगितलं ते सेंट्रिफ्यूगल यंत्राबद्दल. दट्ट्याचा, म्हणजे रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसर वेगळा वागतो. त्यात वायू कोंडून दाबतात. दाब किती पट होणार, हे बाहेरच्या नळीतला दाब ठरवतो. आणि तापमान ठरतं ते रेणूच्या जातीवर. हायड्रोजन आणि नायट्रोजन दोघेही दोन अणूंचे रेणू, म्हणून तिथे दोघांचं तापमान जवळजवळ सारखंच वाढतं. उलट, हेलियम एका अणूचा. ४० अंशांवरून दाब तिप्पट केला तर आदर्श हिशेबाने हायड्रोजन किंवा नायट्रोजन १५५ अंशांवर येतो, हेलियम २१३ वर. जो हेलियम मघाच्या यंत्रात हायड्रोजनचा जवळचा नातलग होता, तो इथे परका ठरतो. मात्र हलक्या वायूसाठी बनवलेल्या व्हॉल्वमधून जड नायट्रोजन जाताना जास्त शक्ती वाया जाते, हे इथेही पाहावं लागतं. म्हणजे ‘कोणता वायू कोणाच्या जागी चालेल’ याचं एकच उत्तर नाही. प्रश्न विचारताना यंत्र कोणतं, तेही सांगावं लागतं.

वायू बदलतानाचे तास

सगळ्यांत नाजूक काळ असतो मधला. नायट्रोजन जातोय, हायड्रोजन येतोय. निम्मा-निम्मा झाला तर मिश्रणाचा रेणूभार १५ होतो. ९० टक्के हायड्रोजन झाला, की माणूस म्हणतो, झालंच आता. पण उरलेल्या १० टक्के नायट्रोजनमुळे रेणूभार ४.६ असतो, म्हणजे शुद्ध हायड्रोजनच्या दुपटीहून जास्त! टक्केवारी आकारमानाची असते आणि यंत्राला जाणवतं ते वजन. या काळात वायू हलका होत जातो, दाब उतरत जातो, वेग टप्प्याटप्प्याने वाढवावा लागतो आणि प्रवाहाचा हिशेब वेळोवेळी बदलावा लागतो. म्हणून मधून मधून वायूचा नमुना तपासून रेणूभार काढतात. अंदाजावर सोडत नाहीत.

‘निष्क्रिय’ म्हणजे निरुपद्रवी नव्हे

शेवटी एक शब्द. नायट्रोजनला आपण निष्क्रिय म्हणतो. पोलादाच्या आणि हायड्रोजनच्या दृष्टीने ते खरं. पण फुप्फुसाच्या दृष्टीने? त्याला रंग नाही, वास नाही, आणि गुदमरल्याची जाणीवही तो होऊ देत नाही. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने १९९२ ते २००२ या काळातल्या तिथल्या घटना तपासल्या, तेव्हा कामाच्या ठिकाणी नायट्रोजनने गुदमरून ८० माणसं गेल्याचं आढळलं. कारखाना सुरू करण्याच्या दिवसांत नायट्रोजन सगळीकडे असतो आणि घाईही सगळीकडे असते. कुणीतरी टाकीत राहिलेलं पान्याचं हत्यार आणायला वाकतो आणि परत येत नाही. त्याला वाचवायला दुसरा उतरतो. यंत्राला सुरक्षित असलेला बदली वायू माणसाला सुरक्षित असतोच असं नाही. त्यामुळे ऑक्सिजन मोजल्याशिवाय आणि परवाना घेतल्याशिवाय कुणी आत डोकावायचंही नाही.

तर श्रोत्यांना उत्तर असं. ‘नायट्रोजनवर चाललं, म्हणून हायड्रोजनवर चालेल’ हे अनुमान त्या स्वरूपात सदोष आहे. पण चाचणी निरर्थकही नाही. चाचणीच्या अहवालावर सही करताना तीन रकाने आखावेत: हे जसंच्या तसं सिद्ध झालं, हे हिशेब करून सिद्ध होतं, हे अजून तपासलेलंच नाही. तिसरा रकाना कोरा दिसला, तर सही करणाऱ्याने थांबून विचार करावा. कारण तो रकाना खरोखर रिकामा असणं जवळजवळ अशक्य आहे.

आज इथेच थांबू. पुढच्या वेळी आपण ‘दृष्टान्त’ घेऊ. एका उदाहरणावरून दुसऱ्याकडे जाताना नेमकं काय जुळावं लागतं, हा आजचाच प्रश्न तिथे अधिक व्यापक होऊन आपल्यापुढे येईल.